‘पोटात दुखतंय’, एवढंच?

बारा-चौदा वर्षांच्या मुलाला रात्री जांघेत कळ आली, तर तो ‘पोटात दुखतंय’ एवढेच सांगतो. (दुसरा शब्द आपण त्याला दिलेला तरी कुठे असतो!) आई ओवा देते, वडील ‘सकाळी बघू’ म्हणतात. माझा राग आहे तो त्या ‘सकाळी’वर. अंडगोळीला पीळ पडला की तिचा रक्तपुरवठा तुटतो. ६ तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर ती बहुधा वाचते. २४ तासांनंतर क्वचितच. म्हणून लाज बाजूला ठेवून नेमके कुठे दुखते ते विचारावे. अचानक असह्य कळ, उलटी, एका बाजूला सूज, गोळी वर ओढलेली, असे असेल तर मध्यरात्रीही सर्जन गाठावा. लक्षणे स्पष्ट असताना सोनोग्राफीसाठीसुद्धा थांबू नये. सर्जन पीळ सोडवतात आणि दोन्ही गोळ्या टाके घालून पक्क्या करतात, कारण दुसरीलाही तोच धोका असतो.