चाक हलके, की खिसा हलका?

दिल्लीचा कस्तुरबा गांधी मार्ग कॅनॉट प्लेसहून इंडिया गेटकडे जातो. रस्ता सपाट, पण सिग्नलपाशी थांबावे लागतेच. दिवा हिरवा झाला की सायकलस्वाराला पुन्हा शून्यापासून वेग घ्यावा लागतो. हलके चाक उपयोगी पडते ते इथे. चाक पुढे सरकते आणि त्याच वेळी स्वतःभोवती फिरतेही. त्यामुळे वेग घेताना रिम व टायरमधले एक किलो वजन सांगाड्यावरच्या दोन किलोंएवढे भारी पडते.

हे कानावर आले की शर्यतीत उतरू पाहणारी मुले महागड्या चाकांसाठी हट्ट धरतात. आईवडिलांनी पैसे मोजण्यापूर्वी थोडे गणित मांडावे.

समजा, स्वार आणि सायकल मिळून 80 किलो भरतात. रिम-टायरचे वजन अर्धा किलोने घटवले, तर वेग घेताना फायदा एका किलोचा, म्हणजे ऐंशीत एक. एकदा वेग आला की सपाट रस्त्यावर हा फायदा जवळजवळ संपतो.

आणि चढावर? मुंबई-पुणे सायकल शर्यतीत खरा कस लागतो तो बोरघाटात. तो सर्वांत आधी चढून जाणारा ‘घाटाचा राजा’ ठरतो. मात्र एकसारख्या गतीने चढताना वजन चाकात आहे की सांगाड्यात, याला महत्त्व नसते. अर्धा किलो कमी झाले, तर अर्ध्या तासाच्या चढाला दहा-अकरा सेकंद वाचतात. शर्यतीत तेवढ्याने निकाल फिरू शकतो. शाळेच्या वाटेवर नाही.

सपाट रस्त्यावरचा मोठा शत्रू वजन नव्हे, वारा. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो. इटलीच्या फ्रान्चेस्को मोझेरने 1984 मध्ये मेक्सिको सिटीत एका तासात 51.151 किलोमीटर अंतर तोडले आणि एडी मर्क्सचा 1972 चा 49.431 किलोमीटरचा विक्रम मोडला. मोझेरची चाके थाळीसारखी भरीव होती. अशी चाके आऱ्यांच्या हलक्या चाकांपेक्षा जड, पण वारा सहज कापणारी. श्रेय एकट्या चाकांचे नव्हते. तरी हलके तेच वेगवान, हा समज तिथे टिकला नाही.

तेव्हा खर्चाचा क्रम असा ठेवावा: आधी टायरमध्ये पुरेशी हवा, मग बेअरिंगला ग्रीस, चाकाचा आउट काढणे आणि उंचीला साजेशी सीट. रिमवर दाबणारे ब्रेक असतील आणि रिम पोलादी असेल, तर ॲल्युमिनियमची रिम जरूर घ्यावी. ती हलकी असते म्हणून नव्हे, तर पावसात पोलादी ओल्या रिमवर ब्रेक घसरतो म्हणून. मूल दहा सेकंद उशिरा पोहोचले तरी चालेल. वेळेवर थांबता मात्र आलेच पाहिजे.