फुलपाखराला पुतळा नको, लिंबाचं झाड हवं

हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. ब्लू मॉर्मन हे राज्य फुलपाखरू. फुलपाखराला असा मान देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, तो निर्णय २०१५चा. आता या दोघांनी शहरातल्या एखाद्या पालिका उद्यानात मुक्काम करायचं ठरवलं, तर त्यांच्या वाट्याला काय येईल? कातरलेली हिरवळ, सतत छाटल्यामुळे फुलायचीही सवड न मिळणारं ड्युरांटाचं कुंपण, फरशी घातलेला ‘वॉकिंग ट्रॅक’ आणि सिमेंटचा हत्ती. हरियालाला वड-पिंपळ-उंबराची फळं लागतात. ब्लू मॉर्मनच्या अळ्या लिंबूवर्गीय झाडांची पानं खाऊन वाढतात. दोघंही उपाशीच परततील.

तांबटाची अडचण आणखी वेगळी. दुपारभर ‘टुक टुक’ करणारा हा चिमुकला पक्षी वाळक्या, मऊ पडलेल्या फांदीला खालच्या बाजूने भोक पाडून आत घरटं करतो. पण उद्यान विभागाच्या लेखी वाळकी फांदी म्हणजे अस्वच्छता; ती दिसली की करवत आलीच. रस्त्यावर झुकलेली धोकादायक फांदी उतरवलीच पाहिजे, यात वाद नाही. बागेच्या कोपऱ्यातली, जिच्याखालून कोणी जातही नाही अशी फांदी मात्र राहू द्यायला काय हरकत आहे? पालापाचोळ्याचंही तेच. रोज झाडून तो कचरागाडीत भरायचा आणि मग खताची पोती विकत आणायची, हा व्यवहार कोणत्या हिशेबात बसतो?

जागा नाही, माती चांगली नाही, ही सबब मुंबईत तरी चालू नये. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी सुमारे ३७ एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. ते उभं आहे शहराच्या जुन्या कचराभूमीवर. त्या ढिगाऱ्यावर माती टाकून झाडं लावली गेली आणि १९९४मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. आज तिथे दाट झाडी आहे, पक्षी आहेत, फुलपाखरं आहेत. कचऱ्यावर जे जमलं, ते चांगल्या काळ्या मातीवर का जमू नये?

यात माणसाचं नुकसान मुळीच नाही. हिरवळ उन्हाळ्यात पाणी पिते आणि सावली देत नाही. कडुनिंब, करंज, उंबर सावली देतात. शिवाय अनेक बागा नेमक्या भर दुपारी बंद असतात. सकाळी चालायला येणाऱ्यांची सोय होते. पण डोक्यावर ऊन घेऊन फिरणारा फेरीवाला किंवा डिलिव्हरीवाला कुलूपबंद फाटकाबाहेरच बसतो. बागेची खरी गरज ज्याला आहे, त्यालाच ती मिळत नाही.

तेव्हा आपल्या प्रभागातल्या बागेच्या ‘सुशोभीकरणा’ची निविदा निघण्याआधी नगरसेवकाकडे चार गोष्टी लेखी मागा: देशी झाडं, बुंध्याभोवती मोकळी माती, पाचोळ्यासाठी खड्डा आणि दुपारी उघडं फाटक. पुण्यात तर महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवणारे अर्ज मागवते. यंदा त्या अर्जात कारंज्याऐवजी उंबर लिहा.