बाजारातले शेंगोळे

यंदाच्या थंडीत आमच्या आजीने हट्ट धरला, "मला पुणतांब्याच्या बाजारला ने." तिने वयाची पंचाऐंशी गाठली आहे, गुडघे धरले आहेत, म्हणून आठवड्याचा बाजार आम्हीच करतो. तरी नेले. निघताना तिने नातसुनेकडून शेंगोळ्यांचा डबा भरून घेतला आणि फडक्यात बाजरीच्या चार भाकरी बांधल्या. आम्ही म्हटले, "अगं, बाजारात हॉटेलं काय कमी आहेत? भजी खाऊ, मिसळ खाऊ." तिने ऐकले न ऐकल्यासारखे केले.

शेंगोळे आमच्या नगरकडे घरोघर होतात. मुंबईकर वाचक भगिनींसाठी सांगतो. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरे, तिखट, मीठ घालून घट्ट मळायचे, तळहातावर वळून कडी करायची आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायची. शिजता शिजता रस दाट होतो. हुलगा कमी पावसाच्या हलक्या रानातही येतो, म्हणून गरिबाला परवडला. घोड्याचा खुराक म्हणून हिणवलाही गेला. बाजारात त्याचा आजचा भाव ऐकून आजीने कपाळाला हात लावला.

भाजीच्या ओळीच्या शेवटी लाल कांदा घेऊन एक बाई बसल्या होत्या. त्यांच्याशेजारी सावलीत आम्ही पोते अंथरले. खरे सांगायचे तर लाज वाटत होती. ऑफिसातले कोणी पाहिले तर? पुन्हा हॉटेलचा विषय काढला, तेव्हा आजी म्हणाली, "आरं, आम्ही काय हौसेनं डबा आणायचो? माझी आय भाकरी संगं आणायची, पाण्याचं गाडगंबी संगंच. हाटेलात आपला कप बाहेर वळचणीला असायचा. चहा वरून वतायचा. पिऊन आपणच कप इसळायचा. पैसा तेवढा त्याला चालायचा."

इतकी वर्षे आम्ही आजीला काटकसरी समजत होतो!

२६ जानेवारी १९५० ला घटना अमलात आली. १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाली, १५ व्या कलमात तर दुकाने, उपाहारगृहे, विहिरी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षा देणारा कायदा १ जून १९५५ पासून लागू झाला. १९७६ मध्ये त्याचेच नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. (आजीच्या आधारकार्डावर जन्मतारीख १ जूनच आहे. मास्तरांनी निम्म्या महाराष्ट्राला दिलेली तारीख!) आम्ही विचारले, "मग कप आत कधी आला?"

"ते मला ठावं न्हाई. आय गेल्यावर आला."

एवढ्यात कांदेवाल्या बाई म्हणाल्या, "शेंगोळ्यांचा वास आलाय." आजीने भाकरीवर चार शेंगोळे घालून दिले. बाईंनी दोन कांदे दिले, ते आजीने बुक्कीने फोडले. मग विचारले, "कुठल्या गं तुम्ही?" बाईंनी गाव सांगितले. आजीला आडनाव हवे होते, पण तिने पुढे विचारले नाही.

बोलणे भावावरून संपावर गेले. १ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप याच पुणतांब्यातून सुरू झाला, हे सर्वांना माहीत आहे. बाई म्हणाल्या, "आमचा भाजीपाला घरातच सडला." आजी म्हणाली, "आन् आमच्या बायांचा रोज बुडाला, त्यो कोण मोजतं?" आजीने उभा जन्म दुसऱ्याच्या रानात कांदा खुरपला. त्याच महिन्यात सरकारने ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. शेतकऱ्याची भावाची मागणी आम्हाला रास्तच वाटते. पण ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याला पीककर्ज नाही. त्याचे माफ काय होणार? बाई यावर काही बोलल्या नाहीत. त्यांनी ताट म्हणून धरलेली भाकरी मात्र संपवली आणि म्हणाल्या, "मजूर मिळत नाही आता." दोघी हसल्या.

डबा धुऊन झाल्यावर आजी म्हणाली, "आता च्या पाज. हाटेलात."

पुढच्याच बाकड्यावर बसवले. तिने बशीत ओतून चहा प्याला आणि कपबशी हातात घेऊन उठू लागली. आम्ही तिचा हात धरला. पोऱ्या आला, कपबशी उचलून घेऊन गेला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

परतताना त्या बाईंकडून पाच किलो कांदे घेतले. आजीने घासाघीस केलीच.