दारापुढील मोटार

आमच्या तालुक्याच्या गांवीं जुन्या दवाखान्याशेजारच्या मोकळ्या जागेवर ग्रामीण रुग्णालयाची इमारत उठूं लागली आहे. सरकारी भाषेंत हेंच सामुदायिक आरोग्य केंद्र: सपाट प्रदेशांत १,२०,००० व डोंगराळ किंवा आदिवासी भागांत ८०,००० लोकवस्तीमागें एक, ३० खाटांचें, आणि तेथें शस्त्रक्रियेचे, स्त्रियांच्या व मुलांच्या रोगांचे तज्ज्ञ असावेत असा दंडक आहे. असें रुग्णालय हवें म्हणून ज्यांनीं अर्जावर सह्या केल्या त्यांत आम्हीही होतों. परंतु ती मोकळी जागा म्हणजेच आमच्या आळीचा वाहनतळ, हें पत्र्याचें कुंपण उभें राहीपर्यंत कोणाच्याच ध्यानांत आलें नाहीं!

दवाखाना अर्थात् चालूच आहे. पुढचें दार बांधकामानें अडविल्यामुळें रोग्यांची ये-जा मागल्या दारानें, म्हणजे आमच्या बोळांतून, होते. आणि कुंपणाबाहेर पडलेल्या मोटारीही त्याच बोळांत शिरल्या. बोळ अवघा पंधरा फूट रुंद. मोटार साडेपांच-सहा फूट अडविते. एकाच बाजूस मोटारी असल्या तर रुग्णवाहिका जाते. दोहों बाजूंस असल्या तर माणसानें अंग चोरून जावें. यास्तव नगरपरिषदेनें पुण्याच्या रस्त्यांवर रूढ असलेला सम-विषम तारखांचा नियम येथें लावला. महिन्याभराच्या निर्बंधासही गांवांत प्रसिद्धी द्यावी, असें मोटार वाहन कायद्याचें ११५ वें कलम सांगतें. आमच्याकडील प्रसिद्धी म्हणजे विजेच्या खांबावरील एक फलक.

आमचे चिरंजीव नियमाचे पक्के. ३१ तारखेच्या रात्रीं रोजच्या शिरस्त्याप्रमाणें त्यांनीं मोटार पलीकडे नेऊन लावली. परंतु ३१ नंतर १ येते, आणि दोन्ही तारखा विषमच! समोरच्यांची मोटार होती तेथेंच, म्हणजे योग्य बाजूस, उभी राहिली. पहाटे रुग्णवाहिका बोळाच्या तोंडाशींच थांबली. आंत खेड्यांतील एक मुलगी होती, वेणा सुरू झालेली. चिरंजीव किल्ली घेऊन खालीं धांवले, तोंवर ती आईच्या खांद्यावर भार टाकून, दोन मोटारींमधून वाट काढीत निघालीही होती. उंबऱ्यांतून आम्हीं हें पाहिलें. मुलगा झाला व दोघेंही सुखरूप आहेत, हें सायंकाळीं कळलें. तोंपर्यंत घरांत कोणी धड जेवलें नाहीं.

चूक आमचीच. तरी वर्षांत सात महिने ३१ दिवसांचे असतात. झोपेच्या डोळ्यांनीं तारखांचा हिशेब करावयास लावणाऱ्या नियमापेक्षां ‘आज गाड्या या बाजूस’ अशी फिरती पाटी बरी. ती रोज उलटण्याचें काम आम्ही आनंदानें पत्करूं. मागल्या दाराजवळची जागा तर रोग्यांच्या रिक्षांसाठींच मोकळी असावी. आज ती पहाटेपासून कोण अडवितें? ज्यांस घरून चालत येतां आलें असतें असे आमच्यासारखेच लोक.

त्या दिवसापासून आमची मोटार बाजारच्या मैदानांत, दहा मिनिटांच्या वाटेवर, असते. चिरंजीव कुरकुरतात. सूनबाईंस जड पिशव्या घेऊन तेवढें चालावें लागतें. त्यांची कुरकूर आम्हांस अधिक रास्त वाटते. गुरुवारीं तेथें आठवड्याचा बाजार भरतो. त्या दिवशीं काय करावयाचें, हें मात्र घरांत अद्याप ठरलेलें नाहीं.