किनारा आषाढात पाहावा

सेवानिवृत्ती दोन-तीन वर्षांवर आली की आपल्या पांढुर्णा-सौंसरकडील नोकरदार मंडळींच्या मनात कोकण डोकावू लागते. आयुष्य काळ्या मातीत आणि संत्र्यांच्या बागांत गेलेले. त्यामुळे समुद्राची ओढ आम्हां सर्वांनाच अंमळ अधिक. भविष्यनिर्वाह निधी हाती पडल्यावर, अद्याप कोणाच्या नजरेत न भरलेला असा समुद्रकाठचा स्वस्त तुकडा कोठे मिळेल, अशी पृच्छा आमच्याकडे वारंवार होते.

असा तुकडा मिळेलही. मुंबईच्या सान्निध्याने अलिबागचे भाव चढले. त्या मानाने मंडणगड, गुहागर अथवा देवगड तालुक्यांतील खाडीकाठची गावे अजून आवाक्यातील आहेत. परंतु समुद्राला अगदी लागून असलेली जागा ओस का राहिली, हे आधी विचारावे. दिवेआगर किंवा गुहागरची जुनी घरे पाहा. घराचे तोंड रस्त्याकडे, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीपलीकडे समुद्र. पूर्वजांनी लाटेशी शेजार केला, पण अंतर राखून.

कायद्यानेही पुढे तेच सांगितले. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास सामान्यतः मनाई केली. २०१९ च्या अधिसूचनेने हे अंतर ५० मीटरवर आणले, पण ते केवळ दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक वस्ती असलेल्या गावांपुरते. विरळ वस्तीच्या गावांना २०० मीटर कायमच राहिले. म्हणजे जेथे जमीन स्वस्त, तेथेच बहुधा घर बांधता येत नाही. दलाल समुद्र दाखवितो, भरतीरेषा दाखवीत नाही.

दुसरी अडचण सातबाऱ्यावरची. एकेका वाडीवर पंधरा-वीस सहहिस्सेदारांची नावे असतात. निम्मे मुंबईस, काही दिवंगत, वारसांचे फेरफार राहिलेले. एकाने सही नाकारली की व्यवहार अडकतो. शिवाय महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेण्यावर कुळकायद्याच्या कलम ६३ चे निर्बंध आहेत. म्हणून गावठाणातील अथवा रीतसर बिगरशेती झालेली जागाच पाहावी आणि विसार देण्यापूर्वी तिचे कागद तेथील वकिलास दाखवावेत.

तिसरी गोष्ट निसर्गाची. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन-दिवेआगरपासून दापोलीपर्यंतच्या वाड्या एका दिवसात आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. साठीच्या माणसाने हा हिशेब वेगळ्या रीतीने करावयास हवा.

आपल्याकडे संत्र्याची बाग घेणारा आधी विहीर पाहतो, आणि तीही वैशाखात. श्रावणात काय, सगळ्याच विहिरी भरलेल्या! तोच न्याय कोकणास लावावा. डिसेंबरातला किनारा कोणासही मोहवील. तो आषाढात पाहावा. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेव्हा वीज किती दिवस जाते, रस्ता कोठे खचतो, रात्री डॉक्टर मिळतो की नाही, हे कळते. चैत्र-वैशाखात पुन्हा जाऊन विहिरीचे पाणी चाखावे. ते मचूळ लागले तर परत फिरावे.

आमचे मत विचाराल तर पहिले एक वर्ष भाड्याने राहावे आणि बागेचे वा शेताचे दार तोवर उघडे ठेवावे. नागपूर-मुंबई लोहमार्गच ८३७ किलोमीटरांचा. पांढुर्ण्याहून निघालेल्या मुलास कोकणात पोहोचण्यास दोन दिवस सहज लागतील. आजारपणात हे अंतर मैलांत मोजले जात नाही. एका वर्षाच्या वास्तव्यात गावाने आपले म्हटले आणि प्रकृतीने साथ दिली, तर वाडीआडचे जुने चिरेबंदी घर खुशाल घ्यावे. समुद्र तेथून दिसणार नाही, परंतु रात्री त्याची गाज ऐकू येईल, आणि आयुष्याची पुंजीही शाबूत राहील.