कुटुंबाचे आरोग्य आणि सदर बाजाराची वाट

रायपूरचा सदर बाजार हा सराफांचा बाजार. लग्नसराईत तेथे दागिने घडविले जातात आणि अडीनडीला तेच दागिने मोडलेही जातात. श्रमिक कुटुंबाच्या अडीनडीत आजारपणाइतके हमखास कारण क्वचितच दुसरे असेल. कमरेची चांदीची करधन हेच कष्टकरी छत्तीसगढी स्त्रीचे खरे विमापत्र!

सरकारी विमापत्रही आहे. 2018 साली सुरू झालेल्या आयुष्मान योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला 5 लाख रुपयांचे संरक्षण मिळते. पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यास. रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या आणि मुलाचा वारंवार येणारा ताप त्यात बसत नाहीत. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2021-22 मध्येही देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी 39.4 टक्के भार लोकांच्या खिशावर पडला.

हल्ली ‘समग्र आरोग्य’ हा शब्द प्रतिष्ठित झाला आहे. योग, काढे, आहारसल्ला यांचे एक गाठोडे बांधायचे आणि ऐपतदारांना विकायचे, असा हा व्यवहार. देशी वैद्यकाची हेटाळणी करण्याचे कारण नाही. प्रश्न असा की, ज्या घरात पाणीच दूषित येते, त्या घराला आहारसल्ला काय कामाचा?

समग्रतेचा खरा अर्थ याच छत्तीसगढच्या खाणकामगारांनी दाखवून दिला. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली राजहरा येथे 1977 च्या जूनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात अकरा जण हुतात्मा झाले. पुढे त्यांच्या संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात योग्य उपचारांअभावी दगावल्या. ज्यांच्या श्रमावर पोलाद उभे राहते, त्यांच्या पुढारी स्त्रीलाही सुरक्षित प्रसूती लाभू नये, ही चीड कामगारांनी कामाला लावली. वर्गणी आणि श्रमदान यांतून 3 जून 1983 रोजी त्यांचे शहीद रुग्णालय उभे राहिले. डॉक्टरांनी कामगारांनाच आरोग्यसेवक म्हणून तयार केले. अनावश्यक इंजेक्शने व टॉनिके यांना विरोध केला. पण विशेष ते रुग्णालयाच्या भिंतींबाहेर घडले. लढून वाढवून घेतलेली मजुरी दारूच्या गुत्त्यात जाते हे ओळखून संघटनेने दारूविरोधी मोहीम चालविली आणि तीत स्त्रिया आघाडीवर राहिल्या. अतिसाराचा प्रश्न तिने पिण्याच्या पाण्याच्या मागणीशी जोडला. मजुरी, पाणी, व्यसन, बाळंतपण हे एकाच कुटुंबाचे एकच दुखणे आहे, हे येथे व्यवहारात उतरले. या चळवळीचे नेते शंकर गुहा नियोगी यांच्या राजकीय मार्गाविषयी डाव्या पक्षांत मतभेद होते. त्यामुळे या कार्याचे मोल उणे होत नाही. 1991 च्या सप्टेंबरात नियोगींची हत्या झाली, पण रुग्णालय टिकले.

याउलट शासनाची दृष्टी पाहा. 2014 च्या नोव्हेंबरात बिलासपूरजवळच्या शिबिरात एकाच दिवशी 83 स्त्रियांच्या नसबंदी शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या आणि त्यांतील अनेकींना प्राणास मुकावे लागले. तेथे कुटुंबाचे कल्याण म्हणजे केवळ उद्दिष्टाचा आकडा होता.

2002 पासून छत्तीसगढच्या पाड्यापाड्यांतून ‘मितानीन’ काम करतात. पुढे देशभर आलेल्या आशा योजनेला त्यांच्याच अनुभवाचा आधार मिळाला. घराचे पाणी, पोषण, गर्भारपण हे सारे एकत्र पाहणारी व्यक्ती हीच. तिला मात्र शासन कामगार मानत नाही. ‘स्वयंसेविका’ म्हणून कामागणिक मोबदला देते.