‘फारराट’ आणि आमचा रथ

सायकलीस जर्मन भाषेंत ‘फारराट’ म्हणतात. ‘फारेन’ म्हणजे वाहनानें जाणें व ‘राट’ म्हणजे चाक, अशा दोन शब्दांचा हा समास. ह्यांतील ‘राट’ आमच्या ‘रथा’चा नातलग आहे, एवढें कानीं पडतांच आमच्यांतील कांहीं अभिमानी मंडळी जर्मन भाषा ही संस्कृताची कन्याच, असा निकाल देऊन मोकळी होतात. नातें खरें आहे. निकाल खोटा आहे.

पुरावा पाहावा. लॅटिन ‘रोटा’, लिथुआनियन ‘राटस’ आणि जर्मन ‘राट’ ह्या तिहींचा अर्थ चाक. संस्कृतांत मात्र ‘रथ’ म्हणजे चाकांवर चालणारें वाहन. चाकास तेथें ‘चक्र’ म्हणतात. म्हणजे जुना अर्थ त्या भाषांनीं राखिला, आणि त्यापासून निघालेला अर्थ आमच्याकडे रूढ झाला. जें आईपाशीं उरलें नाहीं तें लेकीस वारशांत कोठून मिळालें, ह्याचें उत्तर ह्या मंडळींनीं द्यावें. ह्या भाषा मायलेकी नसून बहिणी आहेत, हेंच त्याचें सरळ उत्तर. संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्यांचा उगम एकच असावा व तो कदाचित् आज उरलाही नसावा, असें सर विल्यम जोन्स ह्यांनीं १७८६ सालींच कलकत्त्यास सांगितलें होतें.

शिवाय ‘फारराट’ हा समास अगदीं अलीकडचा. १८८५च्या सुमारास जर्मन सायकलस्वारांच्या मंडळांनीं ‘वेलोसिपेड’ हा परका शब्द टाकून, घरोघरीं बोलले जाणारे दोन शब्द जोडून तो रूढ केला. त्यासाठीं आपली भाषा जगाची जननी आहे असें सिद्ध करण्याची त्यांस गरज भासली नाहीं. आमची ‘दुचाकी’ही अशीच साध्या शब्दांची बनलेली, तिचा अभिमान आम्हीं कितीसा बाळगतों?

ह्यांत संस्कृताचें महत्त्व कमी होतें, असें कोणीं समजूं नये. जर्मन व तिच्या भगिनीभाषांतील व्यंजनांच्या बदलाचें एक अवघड कोडें कार्ल व्हेर्नर ह्या डॅनिश पंडितानें एकोणिसाव्या शतकांत सोडविलें, तें वैदिक उच्चारांतील स्वरांच्या आधारें. संस्कृताच्या साक्षीस एवढी किंमत आली ती तिच्या पठणपरंपरेच्या काटेकोरपणामुळें. ज्या देशांत यास्क व पाणिनि झाले, त्याच देशांत मुलांना केवळ ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्त्या शिकविल्या जाव्यात, ह्याचा आम्हांस खेद वाटतो. तो काटेकोरपणा टाकून नुसता अभिमान त्यांच्या हातीं दिला, तर संस्कृताचा खरा वारसा आपणच गमावूं.